आंजीला ठेवलेलं प्रस्थान

कोणाचं पोरगं परदेशात गेलं आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यानं आईबापाला बोलावलं, की ते आईबाप अजूनही आधी माझ्याकडं येतात. मी रिटायर मास्तरीण, आणि विमानात म्हणाल तर जन्मात बसले नाही. पण तिकीट कसं काढायचं, कुठं काय विचारायचं, हे आमच्या सेलूत माझ्याइतकं कोणाला पाठ नाही अशी माझी ख्याती आहे. मीही सांगते. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन विमानांत भरपूर वेळ ठेवा, म्हातारं माणूस धावत नाही. लोणच्याची बरणी नेऊ नका, तेल सुटतं आणि लुगड्यांना वास लागतो. तारीख बदलता येते का, हे तिकीट घेण्याआधी विचारा, नंतर विचारून काय उपयोग? आणि पासपोर्ट, तिकीट स्वतःच्या हाताशी ठेवा. देवापाशी नको, नवऱ्यापाशी नको, आणि नातेवाइकाच्या घरी तर मुळीच नको. इथं माझा आवाज चढतो. समोरची माणसं बिचकतात, चहा अर्धा टाकून उठतात. उठू देत बापडी.

गोष्ट ऐंशीनंतरच्या एका वर्षाची. माझी धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली होती. जावई इंजिनिअर, स्वभावानं गरीब, पण अंधारात कामाला जाणार आणि अंधारातच परतणार. तिचं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच आटोपलं, लेकरू हाती लागलं नाही. तेव्हा आम्ही इथं बसून रडलो, ती तिथं बसून रडली, एवढंच झालं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. त्या पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं. लग्नातसुद्धा जी साडी समोर ठेवली ती नेसली. तिनं एवढंच कळवलं, आईला पाठवा, मला एकटीला भीती वाटते.

आणि माझी आई म्हणजे आमच्या आळीची हक्काची बाळंतपणवाली. कोणाच्याही घरी लेकरू झालं की पहिल्या न्हाणीला आईला बोलावणं. पाय लांब करून लेकरू पायावर घेणार, तेल जिरवणार, बाळंतिणीची शेक-धुरी बघणार, आणि लेकरू कोणावर गेलं ते तिथंच सांगून टाकणार. तिनं म्हटलं बापाचं नाक आहे, तर बापाचंच. दुसऱ्यांच्या लेकीसुनांचं एवढं केलं, आणि स्वतःच्या लेकीला पहिल्या वेळी पाणीसुद्धा देता आलं नाही, हे तिला खात होतं. ती बोलायची नाही, पण खात होतं.

जावयानं तिकडूनच तिकिटाची सोय केली. ते नागपूरच्या एका एजंटाकडून घ्यायचं होतं. पासपोर्ट झाला, व्हिसाच्या शिक्क्यासाठी आई-बाबा मुंबईला जाऊन आले. एजंटानं आम्हाला समोर बसवून शिकवलं, हे स्वस्तातलं तिकीट आहे, याची तारीख हलत नाही, आणि सध्या सीटा मिळत नाहीत. बाबांची केळीची बाग होती, सौदा करायची सवय, त्यांनी विचारलं, बोटीनं गेलं तर जमत नाही का? बोटीवर माणसाला हिंडता-फिरता येतं, सामानही जास्त नेता येतं. एजंट हसला. म्हणाला, काका, अमेरिकेला माणसं बोटीनं जायची ते दिवस गेले, आता बोटीवर मजा करायला जातात, आणि तोवर नातवंड शाळेत जायला लागेल. आई हसली नाही. तिनं तिकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि पदराखाली धरलं.

मग निघायचा मुहूर्त. आमचे जोशीबुवा पंचांग उघडून बसले आणि मान हलवायला लागले. निघायच्या दिवशी आईला घातचंद्र, म्हणजे तिच्या राशीला प्रवासाला वाईट चंद्र. आता विमान काही घातचंद्र बघून सुटत नाही. पण यावर आमच्याकडं जुना तोडगा आहे. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. चांगल्या मुहूर्तावर प्रवासाची एखादी वस्तू बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं असं धरतात, मग प्रत्यक्ष कधीही निघा. फक्त ती वस्तू परत घरात आणायची नाही, जाताना तिथूनच घ्यायची. मी भूगोल शिकवायचे. मी म्हटलं, अमेरिका आपल्याला पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. जोशीबुवा म्हणाले, बाई, मुंबई कुठं आहे? विमान मुंबईहून, मुंबई पश्चिमेला, आणि आंजी गावही पश्चिमेलाच. म्हणून आंजीची मावशी ठरली, आईची चुलत बहीण. जायच्या दिवशी मावशीच्या यजमानांनी गाठोडं घेऊन वर्धा स्टेशनावर यायचं होतं.

सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि एखादं लुगडं, एवढं प्रस्थानाला पुरतं. मी शाळेत असताना हा कार्यक्रम उरकला. संध्याकाळी मला कळलं की आईनं त्या लुगड्यात पासपोर्ट आणि तिकीटही बांधून दिलं. मी कपाळावर हात मारला. आई शांतपणे म्हणाली, "सुपारी थोडीच विमानात बसते? तो पासपोर्ट गेला म्हंजे मी गेली." बाबांनाही ते पटलेलं. घरात उंदीर फार, आणि मावशीकडं लोखंडी पेटी. मी बडबडले आणि गप्प बसले. पेटी पक्की होती, मावशी पक्की होती, यात वाकडं काय होणार?

मावशीची सासू मेली. म्हातारी चार वर्षं खाटेवर होती, दोनदा तिला खाली उतरवून पुन्हा खाटेवर ठेवलं होतं. तिला जायला आख्खं वर्ष पडलं होतं, पण ती गेली आई निघायच्या आदल्या दिवशी. यष्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. आता स्टेशनावर गाठोडं कोण आणणार?

मी सुट्टी टाकली आणि मिळेल त्या यष्टीनं आंजी गाठली. म्हातारीला नुकतंच नेलं होतं, घर सगळं धुऊन ओलं. मावशी केस मोकळे टाकून भिंतीला टेकली होती. अशा वेळी पासपोर्ट कसा मागायचा? मी तिच्याजवळ बसले, थोडं रडले, आणि मागितला. तिनं कमरेची किल्ली दिली, पण मी पेटी उघडत होते तेव्हा मागून म्हणाली, "ने बाई. पण तुह्या आईले विचारलं का? बाळंतिणीच्या घरी जाऊन राह्यलं ते."

प्रस्थानाच्या हिशेबानं त्या पेटीत आईच बसलेली होती. मरणाच्या घरातून उठून कोणी बाळंतिणीच्या घरी जात नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण मलाही माहीत होतं. गाठोडं मांडीवर घेऊन मी सेलूला आले, तर आई दारातच उभी. तिनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अमेरिकेचा शिक्का असलेला तो पासपोर्ट गोठ्यात, कडब्याच्या पेंढीवर ठेवला, शेजारी गाय. हसावं की रडावं! बाबा जोशीबुवांकडं गेले. ते म्हणाले, गोमूत्र शिंपडा, शुद्ध होतं. बाबांनी विचारलं, कागदावर शिंपडलं तर शाई नाही का फुटणार? त्यावर शास्त्रात काही नव्हतं. लुगडं धुता येतं, सोनं धुता येतं, पासपोर्ट कसा धुणार? शेवटी बुवांनी हात वर केले. म्हणाले, एरवीचा प्रवास असता तर मी जा म्हटलं असतं, पण हे बाळंतपणाचं आहे, लेकरू तुमचं, तुम्हीच ठरवा.

मी आईला काय काय बोलले ते आता आठवलं तरी अंगावर येतं. मी म्हटलं, तिथं रोज माणसं मरतात त्याच दवाखान्यात लेकरं जन्मतात. मी म्हटलं, ती एकटी आहे, तिला तू पाहिजे, तुझं सोवळं नको. बाबा खांबाला टेकून आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होते. आईची सगळी तयारी झालेली होती, डिंकाचे लाडू डब्यात भरलेले, बाळंतशोप वेगळी बांधलेली. ती त्या डब्याजवळच बसली होती. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "पह्यलं लेकरू गेलं. दुसऱ्याले माह्या पायानं काही झालं, त मी तिले काय सांगू? तू सांगशील?"

मी शिकलेली होते, चिडलेली होते, पण तिला धरून गाडीत बसवायची हिंमत माझ्यात नव्हती. कारण खरंच काही झालं असतं, तर आईनं ते आयुष्यभर स्वतःच्या माथी घेतलं असतं, आणि मलाही आतून कुठंतरी धास्ती होतीच. निघायच्या दिवशी गाडीची वेळ झाली, टळली. आम्ही तिघं घरातच होतो. कोणी कोणाला जेवायला वाढलं नाही.

मी नागपूरला एजंटाकडं गेले. तो माझ्यावर भडकला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. म्हणाला, बाई, विमान म्हणजे यष्टी नाही, ही चुकली तर मागची येते असं. कारण विचारलं, ते मला सांगता येईना. सुतक म्हणाले असते तर तो म्हणाला असता, मग तर जायलाच नको. सुतक नाही म्हणाले असते तर विचारलं असतं, मग गेल्या का नाहीत? खूप हातापाया पडले तेव्हा त्यानं विमान कंपनीत शब्द टाकून पुढल्या महिन्यातली एक सीट कशीबशी मिळवून दिली, तीही बहिणीच्या दिवसांच्या अगदी तोंडाशी. तिकडं जावयाला कळवलं की आईची तब्येत बरी नाही. बहिणीनं उलट कळवलं, आईची काळजी घ्या, माझं मी बघते.

आंजीला तेरवी झाली, घर शुद्ध झालं, जोशीबुवांनी नवा मुहूर्तही दिला. पण लेकरू नव्या तारखेसाठी थांबलं नाही. एका दुपारी कापसाच्या व्यापाऱ्याच्या दुकानातून बोलावणं आलं की अमेरिकेचा फोन आहे, त्यांच्याकडंच तेवढा फोन होता. आम्ही धावतच गेलो. जावई बोलला, मुलगी झाली, दिवसांच्या आधी झाली, पण दोघी चांगल्या आहेत. बाबांनी तिथंच गादीवर बसून डोळे पुसले. आईनं हात जोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पाह्यलं?" लेकरू सुखरूप होतं. तिचं खोटं आहे असं म्हणायला माझ्याजवळ काय होतं?

मग बहीण फोनवर आली. आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, मी कान लावून उभी. आई ओरडून विचारत होती, शेक घेतेस का, डोक्याला बांधतेस का, कोण करतं? बहीण हसत हसत सांगत होती. कळा आल्या तेव्हा हे कामावर गेले होते. शेजारची एक बाई, जिचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं, तिनं मोटारीत घालून नेलं. झाल्यावर नर्सनं बर्फाचं पाणी प्यायला दिलं, ती ते प्यायली. आता घरी आली, लेकराचे कपडे स्वतःच धुते. कोण करणार? मग म्हणाली, आई, आता नको येऊ, जे व्हायचं ते होऊन गेलं, ते तिकीट वापस करून टाक.

आईनं बरं म्हटलं. आणि विचारलं, "पोरगी कोणावर गेली वं?"

"मले कुठं समजते, आई," बहीण म्हणाली. "तू पाह्यलं असतं त सांगितलं असतं."

ती अजूनही हसतच होती, असं मला वाटलं. मग फोन तुटला. व्यापाऱ्यानं पेढे मागितले, बाबांनी देतो म्हटलं.  घरी आल्यावर बाहेरच्या दगडावर पाय धुताना आई म्हणाली, "मी जायाले पाह्यजे होतं."

महिनाभर मी तिच्याशी हेच भांडत होते. आता ती स्वतःच म्हणत होती, आणि मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "नाई आई. तू गेली नाई, तेच बरं केलं." तिनं लोटा खाली ठेवला, आणि माझ्याकडं न बघता आत गेली.