नव्वद दिवस निळा रंग

गेल्या हिवाळ्यात मी तीन महिने रोज सकाळी लघवी उकळत होतो.

हसलात? हसा. मला मात्र अजून राग येतो. कुणाकुणाचा, ते क्रमानं सांगतो.

आमचे आबा बेलापूरच्या पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, ती काहील नेमकी कुठल्या क्षणी उतरवायची हे गुळव्या सांगतो. आबा ते पाकाच्या रंगावरून सांगतात. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, फक्त डोळे! आणि नेमक्या त्याच आबांना दिवाळीनंतर मधुमेह निघाला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा रोग गुपचूप डोळ्यांचा पडदा खातो. साखर आटोक्यात ठेवा. आणि नीट दिसत असलं तरी नगरला जाऊन डोळे एकदा दाखवून या."

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. साखर कशी ओळखायची हे आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. (काय योग!) मी सायकल हाणत श्रीरामपूरला गेलो आणि निळं द्रावण, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन आलो. नळीत द्रावण घ्यायचं, त्यात आबांनी बाटलीत दिलेल्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर साखर चढत चाललेली. विटकरी झालं तर देवाचं नाव घ्यायचं.

पहिल्याच दिवशी विटकरी!

मी तसा बुजरा आहे. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नाही. पण त्या सकाळी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

"आबा, काल गुऱ्हाळावर गूळ खाल्ला का न्हाई?"

"खाल्ला न्हाई. चाखला."

"किती?"

"आता चाखल्याचं काय माप असतं व्हय?"

"आंधळं व्हाल आबा, आंधळं!"

"आरं, गुळव्यानं गूळ चाखायचा न्हाई, मंग सोनारानं सोनं घासायचं न्हाई का?"

मी असा ओरडलो की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. दुसऱ्या दिवशी नारिंगी. पुन्हा ओरडलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी! मग मी ती गरम नळी फडक्यात धरून थेट गुऱ्हाळावर गेलो आणि चुलाणापाशी शेकत बसलेल्या दहा माणसांसमोर आबांच्या नाकापुढं नाचवली. (बापाची लघवी गावभर मिरवणारा सुपुत्र! शिक्षणाचा एवढा फायदा आमच्या घराण्यात आजवर कुणाला झाला नव्हता.)

आबा खाली मान घालून रस ढवळत राहिले. 

आणि चौथ्या दिवशी नळी निळी! पाचव्या दिवशी निळी. सहाव्या दिवशी निळी. मला वाटलं, हा माझ्या ओरडण्याचा गुण. मी एक वही सुरू केली: तारीख, वेळ, रंग. निळा, निळा, निळा. मारुतीच्या पारावर बसून मी पथ्यपाण्यावर व्याख्यानं झोडू लागलो. मी, ज्याला हजेरी देता येत नाही!

संक्रांत झाली आणि एका सकाळी आबा म्हणाले, "दत्तू, डोळ्यापुढं जाळं आल्यावानी वाटतंय रं. नगरला जायाचं का?"

"चुलाणाच्या धुरानं होतंय, आबा."

"तीस वरसं धुरातच हाय की मी."

"मला शास्तर शिकवू नका! नळी निळी हाय म्हंजी डोळं ठणठणीत हायेत!"

हे वाक्य माझं आहे. ते आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

महिनाभरानं गावातल्या तात्यांच्या गुऱ्हाळावर आबांना पाकाचा रंग दिसलाच नाही. सोनेरी गेला, तांबूस गेला, करपल्याचा वास सुटला तेव्हा माणसं धावली. अख्खी काहील काळी!

"गुळव्या हायेस का कोळशेवाला?" तात्या कडाडले.

आबा स्वतःचा पंजा डोळ्यांपुढं धरून बोटं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं नगर गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. साखर किती दिवस अशी चढलेली आहे?"

"चढलेली? नव्वद दिवस निळा रंग आहे!" मी टेबलावर वही आपटली.

त्यांनी ती शांतपणे चाळली. "वही सुंदर आहे. पण यांच्या डोळ्यांनी ती वाचलेली दिसत नाही."

"खेड्यातल्या पोरांना काही येतच नाही, असं वाटतं का तुम्हाला?" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार.

डॉक्टरांनी आबांच्या हातात एक बाटली दिली. दहा मिनिटांनी नळी समोर आली. विटकरी!

थेंबांमुळं आबांना धड काही दिसत नव्हतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "दत्तू, रागावू नगंस. सकाळची ती बाटली तुज्या आईची असायची."

(मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.)

"पण का, आबा?"

"तू लई वरडायचास रं. अन् मी म्हनलं, एकाच चुलीवरचं खातो, एकाच रांजनातलं पानी पितो. नवरा-बायकूत येगळं काय निघनार?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि टेबलावरची वही मिटली.

डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येईल असं सांगत नाही, उरलेली राखता येईल. गोळ्या चुकवू नका, साखर स्वतःचीच मोजा. आणि नळी निळी असो की विटकरी, दर सहा महिन्यांनी डोळे दाखवा." मग माझ्याकडे वळून, "ओरडल्यानं साखर उतरत नाही, बाळ. बाटली बदलते."

घरी आल्यावर उरलेला राग आईवर काढायला गेलो, तर तीच माझ्यावर उसळली. "मला काय ठावं? ह्येंनी सांगितलं, दत्तूच्या कॉलेजात लागतीया. पोराच्या शिक्शनाला नगं म्हनू व्हय मी? थंडीची पहाटं उठून दिली, नव्वद दिस!" मग जरा नरमून तिनं विचारलं, "मंग, मार्क किती पडलं?"

आता आबा नगरला नेमानं जातात. काहिलीपाशी ते वासावर जास्त आणि डोळ्यांवर कमी भरवसा ठेवतात. चाखायला तात्यांना बोलावतात. नळी रोज सकाळी रंग बदलते, कधी हिरवी, कधी पिवळी, पण ती आबांचीच असते आणि मी आवाज चढवत नाही.

ती वही मात्र मी जपून ठेवली आहे. नव्वद दिवस, एकही खाडा न करता, शास्त्रशुद्ध पद्धतीनं मी एवढंच सिद्ध केलं, की माझ्या आईला काहीही झालेलं नाही.