फुंकून पाहिलेलं काडतूस

दिग्रसच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री बसत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, सगळे त्यांना चाचाच म्हणत. रानडुकरांपासून ज्वारी राखायला माझ्याकडे परवान्याची बंदूक होती आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या मी घरीच पुन्हा भरायचो.

एकदा एक नळी बंदुकीत अडकून बसली. चाचांनी ती हलकेच काढली आणि ओठांशी धरून फुंकली. चांगली नळी शिट्टीसारखी वाजते, ही नुसती फुसफुसली. बुडाजवळ बारीक चीर होती.

"अजून एकदा चालन न चाचा?" मी विचारलं.

"चालन ना. पन फुटली तं डुकराकडं नाही, तुमच्या तोंडाकडं फुटन. जवारी पुढच्या साली पुन्हा पेरसान भाऊ, डोळा कुठून आनसान?"

एवढं बोलून त्यांनी हसत हसत ती नळी हातोडीनं चपटी केली. मलाही हसू आलं.

त्या साली डुकरांनी थोडी ज्वारी खाल्लीच. उरलेल्यातली कोवळी कणसं मी चाचांकडे नेली. त्यांनी ती भाजून चोळली आणि हुरड्याची पहिली मूठ माझ्याच तळहातावर ठेवली.