तन्वीच्या वडिलांना पाठवलेला व्हिडिओ

हे मी घरात कुणाला बोलले नाही. शाळेत तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

चंदनसारच्या एका शाळेत मी पाचवीला शिकवते. वर्गात टीव्ही आहे, त्यावर मोबाईलवरून कविता लावते. मुलं वाचतात त्याचे व्हिडिओ काढून पालकांना पाठवते. सगळ्याच बाई पाठवतात, त्यात वाईट काय? काही नाही. पण मी तापट आहे. पूर्वी मुलांवर माझा हात उठायचा. मग बंदी आली, हात आवरला — राग कुठे जाणार होता?

तन्वी वाचताना अडायची. अडली की हसायची. घाबरून हसायची, हे आता कळतंय — छे, तेव्हाही कळत होतं. एकदा असंच, दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. ती पुन्हा अडली, हसली, आणि माझं डोकं फिरलं. मी व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर न टाकता थेट तिच्या वडिलांना पाठवला. खाली लिहिलं, ‘बघा मुलीचा प्रताप.’

ते वालीवला कारखान्याच्या एका गाळ्यात मशीनवर कामाला असतात. माणूस कसा आहे, मला ठाऊक नव्हतं? होतं. तिच्या पोटऱ्यांवरचे पट्ट्याचे वळ मी पाहिले होते. विचारलं तर ‘पडले’ म्हणाली. मी विषय सोडला — पण लक्षात ठेवला.

संध्याकाळी कणीक मळत होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ आला. तन्वी भिंतीला चिकटलेली, हातात पुस्तक. पट्टा खाली येत होता — मानेवर, तोंडावर. ‘वाच! वाच म्हणतो ना!’ ओठ फाटला होता, रक्त पानावर पडत होतं, आणि ती वाचत होती. चित्र सारखं हलत होतं. मोबाईल बहुतेक तिच्या आईच्या हातात असावा. खाली लिहिलं होतं, ‘समज दिली आहे बाई.’

मी काय केलं? फोन? पोलीस? मी अंगठा पाठवला — वर केलेला. व्हिडिओ पुसला, पोळ्या लाटल्या. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. माझ्या हाताला जे करायचं होतं ते कुणीतरी केलं होतं.

तन्वी पुढे घडाघडा वाचायला लागली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी तिचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ पडद्यावर दाखवले. विषय होता, अध्यापनात मोबाईलचा वापर. कुणीतरी विचारलं, हे जमवलं कसं? मी म्हणाले, पालकांचं सहकार्य. टाळ्या पडल्या.

नंतर एकदा भाजी घेताना तन्वीचे वडील भेटले. हात जोडून म्हणाले, “बाई, परत काय असलं तर पाठवत जा. मी बघतो तिच्याकडे.”

तन्वी शेजारी पिशवी धरून उभी होती. मी काय म्हणते, ते ऐकायला थांबली होती.

मी ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर गणिताचे दोन व्हिडिओ पाठवले.