कडक बाण

स्टेजवर मुलीच्या हातात बाण दिले गेले, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. हे बाण तिच्या धनुष्याला चालतात का, असं तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

वैशाली मैदानात खाली बसली होती. डाव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल लाल झाला होता. ती रडत नव्हती, फक्त विचारत होती, "ताई, रविवारची ट्रायल हुईल न्हवं?"

मी कोल्हापुरात एका क्लबमध्ये धनुष्याला बाण जुळवून देते. वैशाली शाहूवाडीची. तिच्याकडे जुन्या पद्धतीचं लाकडी रिकर्व्ह होतं, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. त्यात बाण मधून जात नाही, दांड्याच्या कडेने जातो. त्यामुळे सुटताना त्याला किंचित वाकून दांडा चुकवावा लागतो. बाणाच्या ताठपणाला आम्ही स्पाइन म्हणतो. कार्बनच्या बाणावर तो आकडा छापलेला असतो. आकडा लहान, तर बाण ताठ. जास्त ताठ बाण दांड्यावर आपटतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा नेम डावीकडे जातो.

तिच्या तालमीच्या अध्यक्षांनी तिला स्टेजवर द्यायला बाण परस्पर मागवले होते. बॉक्सवरचा आकडा बघून मी म्हणाले, "साहेब, हे तिच्या धनुष्याला फार ताठ आहेत."

"मॅडम, दुकानदाराला फोनवरच सांगितलंय, एकदम कडक माल पायजे."

"तुम्ही कडक म्हणजे भारी म्हणालात. त्यानं ताठ समजून पाठवले."

"मग झ्याकच की. आमच्या तालमीत कोण वाकत न्हाई, बाण कशाला वाकंल?"

सगळे हसले. मी बदलून आणते म्हणाले. "कार्यक्रमात फोटो हुंद्या, मग बघू," म्हणून त्यांनी विषय संपवला. फोटो झाले. बाण बदलले नाहीत.

मी वैशालीला ते वापरू नको म्हणाले. "स्टेजवर दिल्यात ताई. न्हाई मारलं तर म्हणतील, पोरीला माज आलाय. ट्रायलला नाव त्येंनीच द्यायचं हाय."

बाण डावीकडेच जात राहिले. त्या दिवशी एक बाण टार्गेटच्या लोखंडी स्टँडवर आदळला. बांबूचा बाण मोडला की दिसतो. कार्बन आतून चिरतो आणि बाहेरून नवा दिसतो. तिने तो पुसला आणि पुन्हा लावला. सोडताक्षणी त्याचे तुकडे झाले. मागचा तुकडा धनुष्य धरलेल्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसला.

डॉक्टरांनी काळे तंतू एकेक करून काढले. अंगठा हलवणारी शीर तुटली होती. ती त्यांनी जोडली, पण पकड परत आली नाही. ट्रायल तिच्याविनाच झाली.

अध्यक्ष दवाखान्यात आले होते. तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरीचं ध्यान नसंल. बाण तर कडक व्हतं की."

उरलेले बाण मी सोबत आणले होते. त्यांच्या समोरच ते मोडले.

तुमच्या घरात कोणी कार्बनचे बाण मारत असेल तर एवढं करा. प्रत्येक बाण मारण्याआधी तोंडापासून लांब धरा, दोन्ही टोकं पकडून जरा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा. कर्र असा बारीक आवाज आला तर तो तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही. आणि पुढच्या वेळी स्टेजवर बाण वाटले जातील, तेव्हा टाळीसाठी हात उचलण्याआधी उभे राहा आणि विचारा, "कुणाच्या धनुष्याला जुळवलेत?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.