भाता पाठीला की कमरेला?

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखं असतं ते. एक धुऊन ठेवला, दुसरा ठेवला, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळे अंगावर. माझं ते कपाट म्हणजे शेजारच्या शिरीषचं गॅरेज. माझ्या किचनची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडते. आता यात माझा काय दोष? टाउनहाउस बांधणाऱ्याला विचारा.

शिरीष नागपूरचा, मंजिरी त्याची बायको, पुण्याची. दोघं आयटीत. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. ऑफिसातल्या कुणीतरी शिरीषला एकदा धनुष्यबाण मारायला नेलं आणि पोरगा कामातून गेला. इथे चाकं लावलेली, दुर्बीण लावलेली धनुष्यंही मिळतात म्हणे. हा तसलं हातात धरत नाही. ह्याचं साधं, लाकडी; दोरी ओढायची आणि सोडायची. त्यानं हरणाची शिकार करायची. याला 'ट्रॅडिशनल' म्हणतात.

त्याचे गुरू दोन. हँक, रिटायर्ड, पांढरी दाढी, गुडघे गेलेले. आणि डॉना, शाळेची बस चालवते, आवाजही बसएवढाच. दर शनिवारी तिघं गॅरेजमध्ये जमतात आणि मी चहा घेऊन जाते. हँक आणि डॉना मला 'काकू' म्हणतात. तेच माझं नाव आहे अशी त्यांची समजूत आहे. मी ती मोडलेली नाही.

या तिघांत वादाचा विषय एकच. बाण न्यायचे कसे? हरीण कसं मारायचं यावर ही मंडळी पाच मिनिटं बोलतील, पण भाता कुठे बांधायचा यावर माझा चहा गार करतील.

शिरीषला मात्र हा गमतीचा विषय नव्हता. कारण मंजिरीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "तीन सीझन देते. तिसरा संपेपर्यंत हरीण मिळालं नाही, तर हे सगळं विकायचं आणि या गॅरेजमध्ये माझी गाडी लागणार. थंडीत सकाळी मी काचेवरचा बर्फ खरवडत बसते आणि तुझं ते नेम धरायचं फोमचं हरीण आत उबेत उभं असतं."

"आणि मिळालं तर?" शिरीषनं विचारलं.

"तर शिजवणार काकू. मी नाही."

मी इस्लामपूरची. मला काय, मी त्याच दिवशी मटणाचा मसाला वाटून फ्रीजरमध्ये टाकला.

*

पहिल्या सीझनला हँकनं स्वतःचा जुना चामड्याचा भाता दिला. पाठीला बांधायचा, खांद्यावरून हात मागे न्यायचा, बाण उपसायचा. शिरीष आरशासमोर इतका वेळ उभा राहिला की मंजिरी ऑफिसला निघून गेली तरी ह्याला पत्ता नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचे मामा एडिसनहून आले होते. मामा डॉक्टर, फार जुने इथले. शिरीष प्रॅक्टिसला निघालेला, भाता पाठीवर, भरलेला. मी दारातून हाक मारली, "अरे, मामा आलेत, भेटून तरी जा." पोरगा संस्कारी. धावत आला आणि थेट वाकला पायांवर.

तो वाकला, भाता वाकला, आणि सगळे बाण त्याच्या डोक्यावरून घरंगळत मामांच्या पायांवर.

मामांनी पाय जवळ घेतले. खाली बघितलं. शिरीष अजून वाकलेलाच.

"बाळ," मामा म्हणाले, "आशीर्वाद देऊ की शरण येऊ?"

*

पाठीच्या भात्याची दुसरी खोड म्हणजे चालताना आत बाण खडखडतात. जंगलात तो आवाज चालत नाही. हँकनं उपाय सांगितला, "तळाला मूठभर ओट्स टाक. टोकं त्यात रुतून बसतात. एकदम गप्प."

शिरीषच्या घरी ओट्स नव्हते. पोहे होते.

मी खिडकीतून बघितलं हो, डब्यातनं भात्यात ओतताना. बोलले नाही. म्हटलं नवराबायकोचा मामला. शिवाय युक्ती लागू पडली. गॅरेजभर उड्या मारून दाखवल्या त्यानं हँकला, एक बाण हलला नाही.

पण जंगलात पाऊस आला. तास दोन तास झाडाखाली बसला भिजत. पाऊस थांबला आणि हरीण आलं. चांगलं मोठं, आडवं उभं. शिरीषनं हळूच हात खांद्यावरून मागे नेला, बाण धरला, ओढला. येईना. दुसरा धरला. येईना. जोर लावला तर पट्टा तुटून भाताच हातात आला. हरणानं हे सगळं नीट बघितलं आणि मग निघून गेलं.

पोहे भिजून आत असा गोळा झाला होता की बाण काढायला मंजिरीचं उलथनं लागलं. ती खरवडता खरवडता म्हणाली, "छान भिजलेत. फोडणी तेवढी राहिली."

मसाल्याचं मी चिकन केलं.

*

दुसऱ्या सीझनआधी गॅरेजमध्ये मोठी सभा झाली. डॉनाचं म्हणणं, भाता कमरेला हवा. बाण बाजूला, हात खाली, हालचाल कमी.

"हँक बाण काढतो ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्या जंगलाला वाटतं म्हातारा टॅक्सी थांबवतोय."

हँक म्हणाला, "आणि तू झुडपातून जातेस तेव्हा जंगल तुझ्यामागे चालत येतं. निम्मं अडकलेलं असतं तुझ्या भात्याला."

मग दोघंही माझ्याकडे वळले. "काकू, तुम्ही सांगा."

माझं इंग्रजी असं आहे की क्रियापदं मी घरी ठेवूनच बाहेर पडते. तरी बोलले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दाखवला. म्हटलं, हँकभाऊ, किल्ली हिअर. नॉट पाठ. दार समोर, हात हिअर, किल्ली हिअर.

डॉनानं मला अशी मिठी मारली की चहा सांडला. हँक पुढच्या शनिवारी माझा चहा प्यायलाच नाही. थर्मास घेऊन आला स्वतःचा.

मंजिरी मला म्हणाली, "काकू, यांच्यात भांडणं कमी होती का, की तुम्ही मत द्यायला गेलात?"

*

तर कमरेचा भाता. इथे सप्टेंबरात शिकारीचा सीझन सुरू होतो आणि गणपतीही तेव्हाच. शिरीष प्रॅक्टिसवरून परस्पर मंडळाच्या आरतीला आला. कुर्ता अंगात, भाता कमरेला. गाडीत ठेवायचा विसरला, असं तो म्हणतो. माझं मत वेगळं आहे.

मागे बाणांची पिसं चांगली वीतभर बाहेर आलेली. जेवणाच्या रांगेत तो कुणी हाक मारली की वळायचा. डावीकडे वळला की मागच्याच्या श्रीखंडातून पिसं फिरायची. उजवीकडे वळला की ती श्रीखंडाची पिसं त्यापुढच्याच्या जॅकेटवरून. ह्याला काही कळत नव्हतं, हा आपला सगळ्यांना हॅलो हॅलो करतोय.

शेवटी मागून मंडळाचे खजिनदार म्हणाले, "शिरीष, वळण्याआधी इंडिकेटर देत जा यार."

*

त्या सीझनला हरीण दिसलं, पण हँकचं खरं ठरलं. काटेरी वेल भात्यात अडकली. शिरीष एक पाऊल पुढे आणि वेल दोन पावलं मागे. झटका दिला तशी सगळी फांदी कडाडली.

"हरीण पळालं?" मी विचारलं.

"ते कधीच पळालं, काकू. मी सुटलो नाही अजून."

तिथूनच फोनवर बोलत होता. डॉनानं जाऊन कात्रीनं सोडवला.

परत चिकन.

*

तिसऱ्या सीझनला त्यानं ना हँकचं ऐकलं, ना डॉनाचं. बाण धनुष्यालाच लावून टाकले. तशीही पट्टी मिळते, स्क्रूनं बसवायची. झालं. आयुष्यभर एकमेकांचं न पटलेले हँक आणि डॉना एका क्षणात एक झाले.

"धनुष्य म्हणजे काय," हँक म्हणाला, "कोट अडकवायचा स्टँड आहे?"

"उद्या कॉफीचा कपही लाव त्याला," डॉना म्हणाली.

शिरीषनं पिसं पिवळीधमक घेतली होती, बाण हरवू नयेत म्हणून. हरीण आलं, ह्यानं धनुष्य वर केलं, आणि धनुष्याबरोबर ती पिवळी पिसंही वर आली. गुढीच उभारली म्हणा ना. हरणाला आणखी काय निमंत्रण हवं पळायला?

तो त्या दिवशी आला आणि गॅरेजचं शटर आतून ओढून घेतलं. चहाला हाक मारली तरी आला नाही. मी मग भिंतीशी कान लावला, खोटं कशाला बोलू. आतून काही आवाज नव्हता. नेहमी बाणाला पिसं चिकटवताना गाणं गुणगुणतो, तेही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे धनुष्य गेलं तर हा शनिवारी करणार काय?

मंजिरीला बोलले तसं. ती म्हणाली, "मला माहितेय, काकू. पण शब्द म्हणजे शब्द." आणि भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

*

सीझनचा शेवटचा शनिवार. हँकचा गुडघा सुजलेला, डॉना बहिणीकडे निघालेली. आणि हँकचा नियम असा, की शिरीषनं जंगलात एकट्यानं जायचं नाही. वेलीचा प्रसंग आठवत असेल.

शिरीष म्हणाला, "राहू दे मग. संपलं."

मंजिरी जिन्यावर उभी होती. "मी येते," ती म्हणाली. "निदान कसं संपतं ते बघते."

"अगं, पण बाण? पाठ झाली, कंबर झाली, धनुष्य झालं. आता काय डोक्यावर नेऊ?"

"आण इकडे. मी धरते. तुला हवा तेव्हा हात मागे कर, मी देईन."

असं म्हणून तिनं योगा मॅटची लांबुळकी पिशवी आणली, मॅट बाहेर काढली, बाण आत सरकवले. डॉनानं टोकांखाली जाड रबराचा तुकडा बसवून दिला. मंजिरीनं पिशवी खांद्याला लावली आणि गॅरेजमध्ये इकडून तिकडे चालून दाखवलं.

हँकनं कान देऊन ऐकलं. मग डॉनाकडे न बघता म्हणाला, "आवाज येत नाही."

"अडकतही नाही," डॉना हँककडे न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं जंगलात गेली आणि दुपारी आम्ही सगळे गॅरेजमध्ये. हँक खुर्चीवर पाय पसरून, डॉना प्रवासातून थेट आलेली, मी मसाला बाहेर काढूनच गेलेली. रिकामे आलेत हे तोंडावरूनच दिसत होतं, पण विचारायचं कुणी?

हँकनंच विचारलं, "दिसलं?"

"दिसलं," शिरीष म्हणाला.

"किती लांब?"

शिरीषनं समोरच्या फ्रीजकडे बोट केलं. "एवढं."

हँकनं डोळे मिटले. एवढ्या अंतरावर हरीण उभं राहणं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. "आणि त्यानं तुला पाहिलं."

"नाही पाहिलं. वारा बरोबर होता. पान हललं नाही. मी हात मागे केला."

"मग?"

"मग तसाच धरून उभा राहिलो. हातात काही येईना. हळूच मान वळवून बघितलं, तर पिशवी उघडी आहे, बाण हिच्या हातात आहे, आणि ही हरणाकडे बघतेय. हरीण हिच्याकडे बघतंय. बराच वेळ बघत होते दोघं. मग ते गेलं."

सगळ्यांनी मंजिरीकडे पाहिलं. ती कपात चहा गाळत होती. एकेकाला नेऊन दिला. हँकला दिला, त्यानं मुकाट घेतला.

मला राहवेना. "म्हणजे मग आता," मी म्हटलं, "तिसरा सीझनही गेला. धनुष्य विकायचं?"

"ते का?" मंजिरी म्हणाली. "बाण माझ्याकडे होते. म्हणजे हा माझा पहिला सीझन झाला. याचा तिसरा अजून बाकी आहे."