मागचं पान

पत्र्याची फाइल खट्कन मिटली की परळच्या वॉर्डातली ती सकाळ आठवते. मी नवा डॉक्टर होतो आणि राउंड उरकायच्या घाईत होतो. सिस्टर म्हणाल्या, “सर, सात नंबरच्या आजी बऱ्या दिसत नाहीत. रोज मला ‘जेवलंस गो?’ विचारतात, आज ओळखतही नाहीत.” “बीपी ठीक आहे ना? मग झालं,” म्हणत मी फाइल मिटली. दुपारी आजी गेल्या. तेव्हा फाइलीतलं नर्सचं मागचं पान मी पहिल्यांदा वाचलं. आदल्या संध्याकाळपासून तीनदा लिहिलं होतं, ‘डॉक्टरांना कळवले.’ ते डॉक्टर म्हणजे मीच. आता मी सीनियर आहे. माझ्या राउंडला सिस्टर तोंडी काही सांगत नाहीत, फक्त लिहून ठेवतात, आणि मागचं पान उघडायचा मला आजही धीर होत नाही.