सात फिक्या, एक जांभळी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मोहफुलं पसरत होते. टोपली खाली ठेवली नाही. उरलेली फुलं पसरली, मग रडले... थोडंच.

पंधरा दिवसांनी गोंदियाला, तो रसायनशास्त्र शिकवायचा त्या कॉलेजात, शोकसभा झाली. त्याचा जुना विद्यार्थी, आता स्वतः मास्तर, माईकवर म्हणाला, "सरांच्या चौथी पास बहिणीनं संशोधन वाळत घातलं होतं!" लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी शेवटच्या खुर्चीवर पदर ओढून बसले. मेल्यावरही दादा लोकांना माझ्यावर हसवत होता.

चौथीपुढची शाळा दूर होती. दादाला सायकल मिळाली, मला चूल. त्याचा राग तेव्हा नव्हता. राग पुढचा आहे.

एका उन्हाळ्यात लॅबला चुना मारायचा म्हणून त्यानं आठ बाटल्या दरेकश्याला घरी आणल्या, चंदेरी कागदात गुंडाळून. आत पॉरफिरिन नावाचा जांभळा रंग. पानातला हिरवा अन् रक्तातला लाल, दोन्ही त्याच घराण्यातले, म्हणायचा. त्याची इवली इवली कडी असतात. नीट जवळ बसवली की एक कडं ऊन पकडतं अन् शेजारच्याला देतं, विहिरीवर हातोहात घागरी द्याव्या तसं. आठ बाटल्यांत ती आठ तऱ्हांनी बसवलेली.

ऊन पकडणारी वस्तू अंधाऱ्या कपाटात कशाला? आमच्याकडे मोह, वड्या, डाळ, सगळं उन्हानंच टिकतं. मी कागद काढून बाटल्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवर मांडल्या. दुपारी दादानं पाहिलं.

"काऊन ठेवलं वं उनात?"

"तूच म्हणत होता ना, हे ऊन पकडते म्हून."

"अवं, मी ऊन पकडाले बनवून राहिलो, अन् तू बनवलेलंच उनाले खाऊ घातलं!"

सात बाटल्या पाण्यासारख्या फिक्या झाल्या होत्या. आठवी मात्र जांभळीच. दादा तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानंच ती परत भिंतीवर ठेवली, मला वही दिली. "मी कॉलेजात राहीन. तू रोज पाह्य अन् रंग लिहून ठेव." महिनाभर मी लिहिलं. जांभळा. जांभळा. त्या महिन्यात तो माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं जन्मात नाही.

पुढची सगळी वर्षं तो त्या आठवीवरच काम करत राहिला. मोठा झाला. माझ्या वहीतलं उतरवून घेतलं, वही परत दिली. लोकांना मात्र फिक्या पडलेल्या सातच बाटल्यांची गंमत सांगायचा. एकदा धीर करून विचारलं, "आठवीचं काऊन नाही सांगत?"

"ते सांगितलं त लोक हासतीन का वं?"

हे मी विसरणार नाही. तो गेला म्हणूनही नाही.

सभेनंतर तो विद्यार्थी जवळ आला. "आत्या, सरांनी जिच्यावर जन्मभर काम केलं, ती जुनी बाटली घरी आहे का? कॉलेजात ठेवायची होती."

"मले काय मालूम बापा? मी चौथी पास," मी म्हणाले. अनोळखी माणसाला एवढं पहिल्यांदाच बोलले.

घरी आल्यावर, दादानं माझ्याकडे ठेवायला दिलेली ती आठवी बाटली कपाटातून काढली. दादानं गुंडाळलेला कागद फाडून टाकला, अन् बाटली भिंतीवर ठेवली, मोहाच्या शेजारी. फिकी पड, म्हटलं. पडली असती तर बरं वाटलं असतं.

वीस दिवस झाले. जुन्या वहीत पानं उरली आहेत. आज लिहिलं, जांभळा.